नजरेतलं रान

जुलैचा पाऊस लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायच्या आधी आकडा विचारतात. "किती फूट?" एवढंच. कशाचे फूट, हे सांगावं लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाढ्यासारखे पाठ असतात. पण त्याच वेळी दुसरी एक मोजपट्टी चालू असते आणि ती कुठल्या खात्याच्या वहीत सापडत नाही. पाणी घाट सोडून रस्त्याला लागलं का? सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवली का? जामदार क्लबाजवळ पाणी आलं का? जुन्या शुक्रवार पेठेतल्या माणसाला यातलं एक उत्तर द्या, फुटांचा आकडा तो स्वतःच सांगतो, आणि एखाद्या इंचानं चुकला तर चुकतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये या दोन्ही मोजपट्ट्या अपुऱ्या पडल्या. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ते त्याच्याही वर चढलं. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला आणि शहराचं बेट झालं. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. कुणी म्हणालं, हे सगळं अलमट्टी धरणाचं फुगलेलं पाणी. कुणी महामार्गाच्या भरावाकडे बोट दाखवलं. कुणाच्या मते पूररेषेच्या आत उभी राहिलेली बांधकामं जबाबदार, तर कुणाच्या मते धरणातून पाणी वेळेवर सोडलं नाही हे. वाद घालणारे सगळे एकाच शहरातले आणि पाणीही सगळ्यांनी एकच पाहिलेलं. तरी प्रत्येकाच्या डोक्यातला मुलखाचा नकाशा निराळा होता. शेतकऱ्याच्या नकाशात नदीकाठचं पोटाला लावणारं रान मध्यभागी होतं, बिल्डरच्या नकाशात पुराची निळी रेषा आणि लाल रेषा, पाटबंधारे खात्याच्या नकाशात विसर्गाचे क्युसेक.

पुढची पानं या नकाशांविषयी आहेत. आपल्या भोवतीच्या मुलखाकडे माणूस कसा पाहतो, त्यातल्या कशाला किंमत देतो, कशाला देत नाही आणि त्या हिशेबानं तो मुलूख कसा बदलून टाकतो, असा हा विषय. जगात त्याचा अभ्यास बराच झाला आहे. यी-फू तुआन या भूगोलतज्ज्ञानं १९७४ साली माणसाच्या जागेवरच्या जिव्हाळ्यावर 'टोपोफिलिया' नावाचं पुस्तक लिहिलं. युनेस्कोनं १९९२ पासून निसर्ग आणि माणूस या दोघांनी मिळून घडवलेल्या मुलखांना जागतिक वारशात वेगळी जागा दिली. २००० साली फ्लॉरेन्समध्ये युरोपातल्या देशांनी एक करार केला आणि मुलखाची व्याख्या करताना 'तिथल्या लोकांना तो जसा जाणवतो' ही गोष्ट कायद्याच्या भाषेत आणली. आपल्याकडे एवढं सांगायला करार लागला नसता. सात-बाऱ्यावरचं रान वेगळं आणि कसणाऱ्याच्या मनातलं रान वेगळं, हे चावडीवर कुणीही सांगेल. मात्र सरकार निर्णय घेतं ते सात-बारा पाहून, आणि बहुतेक भांडणांची सुरुवात तिथून होते.

मला या सगळ्यात एकच गोष्ट सांगायची आहे. जमीन बदलते ती आधी नजरेत. एखादी जागा बिनकामाची आहे असं पाहणाऱ्याच्या मनात ठरतं आणि मग तिथं पोकलेन येतो. कोल्हापूर हे बघायला फार सोयीचं ठिकाण आहे, कारण एका जिल्ह्यात सह्याद्रीचं जंगल, जांभ्याचे सडे, काळ्या मळीचं रान, धरणं, साखर कारखाने, गड आणि देवस्थानं हे सगळं एस.टी.च्या दोन-तीन तासांच्या आत येतं.

सुरुवात प्रयाग चिखलीपासून करू. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची पंचगंगा होते ती इथं. त्यामुळे पुराचं पाणी शहराच्या आधी चिखलीत आणि शेजारच्या आंबेवाडीत शिरतं. १९८९ च्या पुरानंतर या दोन्ही गावांना उंचावर, सोनतळीला, जागा दिल्या गेल्या. कागदावर प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात माणसं सोनतळीला पूर्ण गेलीच नाहीत. काहींनी तिकडे घरं बांधली, तरी जुनं घर सोडलं नाही. २०१९ ला टीव्हीवर होड्यांतून बाहेर काढलेली माणसं दिसली तेव्हा पुण्या-मुंबईतल्या कित्येकांनी विचारलं, जागा दिली होती तर ही माणसं तिथं राहतात कशाला?

उत्तर गोठ्यात आहे. नदीकाठच्या या गावांत म्हशी आहेत. पहाटे त्यांची धार काढायची, वैरण टाकायची, दूध शहरात पोचवायचं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून पिळलेलं धारोष्ण दूध उभ्यानं पिणं हा अजूनही कोल्हापूरकराचा शौक आहे आणि तो भागतो आसपासच्या अशाच गावांच्या जिवावर. गुंठ्यांच्या प्लॉटवर माणसाचं घर बसतं. गोठा, उकिरडा, वैरणीची गंज आणि बांधावरचं गवत बसत नाही. शिवाय पुराचं पाणी गाळ आणून टाकतं. मळीच्या रानाला काळी साय येते ती त्याच पाण्यानं. पुनर्वसन करणाऱ्यानं घर पाहिलं, चिखलीकरानं घरापासून रानापर्यंतची वाट पाहिली. पूर दहा-पंधरा वर्षांतून एकदा येईल, म्हैस रोज दोन वेळा पिळावी लागते. आता पूर दहा-पंधरा वर्षं थांबत नाही म्हटल्यावर हा हिशेब कोलमडायला लागला आहे, आणि गावातली तरणी पोरं सोनतळीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली असतील तर नवल नाही. पण ज्यांनी त्यांना अडाणी ठरवलं त्यांना तो हिशेब मांडताच आला नव्हता.

मुलूख मोठ्या प्रमाणावर बदलणारा माणूस म्हणून कोल्हापुरात पहिलं नाव राजर्षी शाहू महाराजांचं घ्यावं लागतं. १८९४ साली ते गादीवर आले आणि दोन-तीन वर्षांतच दुष्काळानं गाठलं. पश्चिमेला घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो, ते पाणी नद्यांतून कर्नाटकाकडे निघून जातं आणि पूर्वेचा माळ उन्हाळ्यात भेगाळतो, ही गोष्ट त्यांच्या आधी कुणाला दिसली नव्हती असं नाही. पाणी अडवून सगळ्या संस्थानाचा भूगोल फिरवता येईल असं मात्र त्यांना दिसलं. १९०२ साली ते इंग्लंड-युरोप पाहून आले, त्याच वर्षी पाटबंधाऱ्याचं धोरण आखलं गेलं, १९०८ च्या सुमारास भोगावतीवर धरणाचं काम हाती घेतलं गेलं. मुलीच्या नावानं राधानगरी वसवली, जलाशयाला राणीसाहेबांचं, लक्ष्मीबाईंचं नाव दिलं. संस्थानच्या तिजोरीला हे काम झेपणारं नव्हतं. मध्येच पैशाअभावी काम थांबलं, १९२२ ला महाराज गेले आणि अर्धवट भिंत पुढे कितीतरी वर्षं तशीच उभी होती. १९५० च्या दशकात, संस्थान विलीन होऊन गेल्यावर, धरण पुरं झालं. आज आठ टीएमसीपेक्षा थोडं जास्त पाणी तिथं साठतं आणि सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी कितवा उघडला हे पावसाळ्यात शहराला मिनिटाच्या आत कळतं.

शाहूंच्या कामांबद्दल बोलताना आपण लगेच भक्तिभावात शिरतो. त्यानं होतं काय, की त्यांच्या नजरेतला बारकावा सुटतो. युरोपातली रोमन रंगमंडळं पाहून आल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचं मैदान उभारलं ते जमिनीत बशीसारखं खोल उतरवून. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा पट दिसावा म्हणून. गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. घाटमाथ्याच्या उतारावर चहा-कॉफीचे प्रयोग केले. ते फारसे तगले नाहीत. त्याच महाराजांच्या काळात पूर्वेच्या मोकळ्या माळांवर पाळलेले चित्ते काळविटांवर सोडले जायचे. तो माळ म्हणजे शिकारीचं कुरण होतं, म्हणून राखलेला होता. आज त्या बाजूला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या औद्योगिक वसाहती आहेत. फौंड्रीच्या भट्ट्या ज्या जमिनीवर पेटतात तिला मधल्या काळात नुसता 'पडका माळ' म्हटलं जायचं. काळवीट गेलं की माळ पडका झाला.

कोल्हापूरनं महाराष्ट्राला दिलेली एक गोष्ट मात्र जवळून पाहण्यासारखी आहे: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा आणि त्या खाचांत एकावर एक सरकवायचे आडवे बर्गे. पूर्वी ते लाकडीच असत. फळ्यांच्या दोन रांगा करून मधल्या फटीत माती ठासायची, की पाणी अडलं. पावसाळा सरला की बर्गे घालायचे, मृगाच्या आधी काढायचे. बर्गे काढायला उशीर झाला आणि पहिलाच पाऊस जोराचा आला की पाणी बंधाऱ्यावरून उसळतं, काठ तुटतात, बर्गे वाहून जातात आणि मग गावोगावी शिव्या सुरू होतात. आठ महिने नदी म्हणजे एकाखाली एक लागलेले डोह, चार महिने नदी म्हणजे नदी. मुलूख बदलूनही दरवर्षी परत करायचा, असा हा करार आहे. मोठ्या धरणात तो नसतो. मला राधानगरीपेक्षा हा बंधारा जास्त शहाणा वाटतो, आणि धरणाच्या पायथ्याशी पाणी पिऊन असं म्हणणं सोपं असतं हेही मला माहीत आहे. त्या अडवलेल्या पाण्याचीही एक बाजू आहे. ते हलत नाही, शहराचं आणि इचलकरंजीचं सांडपाणी त्यात साचतं, केंदाळ माजतं आणि उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेले मासे तरंगतात.

त्या पाण्यावर ऊस आला. उपसा योजना, सहकारी पाणीपुरवठा संस्था, साखर कारखाने असं एकामागून एक उभं राहत गेलं आणि दोन-तीन पिढ्यांत ज्वारी-तंबाखूचा मुलूख एकरंगी हिरवा झाला. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तोवर गुऱ्हाळं घटायला लागली होती. चुलवाणात चिपाडं सारणारा, काहिलीतला रस कुठल्या क्षणी उतरवायचा हे फेसाच्या रंगावरून ओळखणारा गुळव्या मिळत नाही आणि ऊस कारखान्याला घालणं सोपं पडतं. तरी प्रवाशाला विचारा, कोल्हापूर कसं दिसतं? हिरवंगार, असंच उत्तर येईल. बाहेरून आलेल्या पाहुण्याला सांगलीच्या अलीकडे उसाचे फड लागले की सुबत्ता आली असं वाटतं. आम्हालाही तसंच वाटतं. हिरवं म्हणजे चांगलं, ही नजर आमच्या हाडात भिनली आहे.

शिरोळच्या शेतकऱ्याची नजर मात्र यातून सुटली आहे, कारण त्याला किंमत मोजावी लागली. सखल, भारी, काळी जमीन, वरून कृष्णा-पंचगंगेचं मुबलक पाणी, पाटानं वाट्टेल तेवढं सोडलेलं, निचरा नाही. मुरलेलं पाणी खालचे क्षार घेऊन वर येतं, उन्हात पाणी उडून जातं आणि क्षार तसेच राहतात. 'रानात मीठ फुटलं' असं माणसं म्हणतात. आधी एखाद्या कोपऱ्यात ऊस खुजा राहतो, मग तिथं उगवतच नाही, मग सकाळच्या उन्हात ती जागा पिठूर चांदण्यासारखी पांढरी दिसायला लागते. हिरव्या फडांच्या मधोमध असे पांढरे तुकडे पसरत गेले. काहींनी त्यांच्याकडे पाहणंच सोडलं, काहींनी वीटभट्टीला माती विकली, काहींनी मत्स्यतळी केली. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेऊन शेतकऱ्यांच्या गटांमार्फत जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालायची योजना राबवली. रानाखालून पाणी काढून ते मोठ्या नळीनं नाल्याला सोडायचं. कित्येक वर्षं पडून असलेल्या रानात त्यामुळे पुन्हा पीक उभं राहिलं. पण पाइप घालायचे तर शेजाऱ्याच्या रानातून न्यावे लागतात, एकट्याचं काम नाही. बांधावरून कोर्टात गेलेल्या भाऊबंदांनी जमिनीखाली एका नळीला संमती द्यायची, ही गोष्ट पाइपाच्या खर्चापेक्षा अवघड होती. ऊस मात्र सुटला नाही. मीठ काढून पुन्हा ऊसच लावला.

पश्चिमेला, शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या डोंगरांवर, जांभ्याचे सपाट सडे आहेत. मे महिन्यात तिथं गेलात तर काळा-तांबूस तापलेला कातळ, चार खुरटी झुडपं आणि वारा. सरकारी कागदात पड, आणि भूगर्भशास्त्राच्या कागदात बॉक्साइट. १९७० च्या आसपासपासून बेळगावच्या अॅल्युमिनाच्या कारखान्यासाठी या पट्ट्यातलं बॉक्साइट जातं आहे. आता तोच सडा भाद्रपदात पाहा. बोटभर मातीच्या थरावर सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात, गेंदांच्या पांढऱ्या गोळ्या डुलतात, कातळावरच्या खळग्यात पाणी साठून त्यात बेडकांची पिल्लं वळवळतात. कास पठाराला लोक तिकीट काढून जातात ते याच जातीच्या जमिनीसाठी. पण धनगरवाड्यातल्या माणसाला फुलांचं फारसं कौतुक नसतं. त्याच्या लेखी सडा म्हणजे चराई आणि सड्याच्या पोटातून खाली फुटणारा झरा. जांभा स्पंजासारखा पाऊस पितो आणि डोंगराखालच्या वाडीला उन्हाळ्यापर्यंत पुरवतो. वरची टोपी काढली की झऱ्याचं काय होतं, हे खाणीच्या मंजुरीच्या कागदात शेवटच्या पानावर असतं, असलं तर. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ समितीनं २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन गटानं २०१३ मध्ये तो सौम्य केला, तरी जिल्ह्यातल्या अनेक गावांनी संवेदनशील क्षेत्राला विरोधच केला. ही गावं निसर्गाची वैरी आहेत असं मला वाटत नाही. आपल्या डोंगराला आपण काय म्हणतो हे विचारायला कुणी आलं नाही, एकदम यादी आली, याचा तो राग होता.

जंगलाचंही तसंच. दाजीपूरचं रान आधी संस्थानची शिकारीची राखीव जागा होती, १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरपर्यंत गेला, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत बसलं. गवा तोच. आता तो उसात शिरतो आणि कधी थेट शहराच्या वेशीवर येतो, तेव्हा मोबाइल उंचावून त्याच्यामागे धावणारी गर्दी पाहिली की शिकारीचे दिवस फार लांब गेलेत असं वाटत नाही.

शहरात परत येऊ. कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं हे आता सांगावं लागतं. कपिलतीर्थावर भाजी मंडई आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. पेटाळ्यावर पोरं फुटबॉल खेळतात, आणि फुटबॉल या गावात क्रिकेटपेक्षा गंभीर गोष्ट आहे. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी स्टेडियम उभं राहिलं. ही तळी कुणी वाईट हेतूनं बुजवली असं नाही. घाण साचत होती, डास होते, वाढत्या गावाला मैदान हवं होतं, मंडई हवी होती. तळ्याला डबकं ठरवलं की पुढचं काम सोपं होतं. पण उताराला हे ठाऊक नाही. गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी साचतं, वर्तमानपत्रात फोटो येतो, महापालिकेवर टीका होते आणि वरुणतीर्थ हे नाव त्या बातमीत क्वचित असतं. जयंतीचंही तेच झालं. ती नदी होती. तिला नाला म्हणायला लागलो, तेव्हापासून तिच्यात काय सोडायचं याची लाज गेली.

रंकाळा वाचला. म्हणजे अजून आहे. खाणीतून झालेला तलाव, अशी त्याची जनमानसातली उत्पत्ती. पण त्याला रंकाळा केलं ते निम्मं चित्रकारांनी. शाहूंच्या पदरी असलेले आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटीतीर्थाच्या काठी राहायचे आणि तळी, घाट, देवळं जलरंगांत रंगवायचे. रंकाळ्यातला संध्यामठ पाणी वाढलं की बुडतो, उतरलं की कळसापासून हळूहळू उघडा पडतो. दर तासाला उजेड बदलतो तसा तो बदलतो. असली जागा एकदा काढून भागत नाही हे ज्या माणसानं ओळखलं त्यानं कोल्हापूरला स्वतःकडे बघायला शिकवलं. त्यांच्यामागून बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री, चंद्रकांत मांढरे अशी पिढ्यांची रांग लागली. त्यातले काही सिनेमात गेले आणि पंचगंगेचा घाट, रंकाळ्याची संध्याकाळ, पन्हाळ्याची तटबंदी पडद्यावर गेली. शालिनी पॅलेसच्या बाजूनं उभं राहून आजचा पोरगा सेल्फी काढतो तेव्हा त्याची चौकट बऱ्याचदा आबालालांचीच असते, त्याला ते ठाऊक नसलं तरी. तलावाच्या प्रदूषणाविरुद्ध इथं लोक रस्त्यावर उतरले, गणपती विसर्जन शेजारच्या इराणी खणीकडे वळवणं लोकांनी बऱ्यापैकी स्वीकारलं, यामागे ही शंभर वर्षांची चित्रं नाहीत असं मला वाटत नाही. जयंतीचं चित्र कुणी काढलं नव्हतं.

डोळ्यांना न दिसणारी एक गोष्टही या शहरानं जपली आहे, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात नवलाचं उदाहरण तेच. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर येतात. दक्षिणेकडे जाताना आणि परत येताना सूर्य एकाच जागी मावळतो म्हणून दोन वेळा. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा परंपरेचा क्रम. महाद्वारातून गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा ओलांडत किरण गाभाऱ्यात शिरतं तेव्हा मंडपातली गर्दी मागं सरते, दिवे मालवतात आणि भटजींपासून भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकापर्यंत सगळे जमिनीवरच्या एका तांबूस पट्ट्याकडे बघत असतात. किरणांची तीव्रता लक्समध्ये मोजली जाते. मधल्या काळात किरणं वाटेतच अडायला लागली. पश्चिमेकडच्या रस्त्यांवर इमारतींचे मजले चढले, गच्च्यांवर टाक्या आल्या, जाहिरातींचे फलक आले. अभ्यास झाले, कुठली भिंत किती फूट आड येते याच्या नोंदी झाल्या, काही अडथळे निघाले, काही निघाले नाहीत. ढग, धूळ आणि हवेतली वाफ यांना नोटीस देता येत नाही. म्हणजे या शहरात सूर्यापासून देवीपर्यंत हवेत एक वाट आहे. सात-बाऱ्यावर तिची नोंद नाही, तरी तिच्यासाठी माणसांनी आपल्या घराची उंची कमी करावी असं शहर हक्कानं मागतं. नदीची पूररेषा कागदावर आहे, कायद्यात आहे, तिच्यासाठी तेवढा हक्क मागितला जात नाही.

आणि जिथं मागितला जातो तिथंही नजरा एक नसतात. पन्हाळ्याचं बघा. ११ जुलै २०२५ रोजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. त्यात पन्हाळा आहे. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० ची ती पावसाळी रात्र, तीन दरवाजा, अंबरखाना, सगळं जगाच्या नकाशावर आलं. पण पन्हाळ्यावर माणसं राहतात. नगरपरिषद आहे, शाळा आहे, झुणका-भाकरीची दुकानं आहेत. यादीत जायच्या आधीच रहिवाशांमधून विरोधाचा सूर निघाला होता: उद्या खिडकी बदलायची तर कुणाची परवानगी, आणि परवा आम्हालाच गड उतरायला सांगितलं तर? त्यांना आश्वासनं मिळाली आहेत. आश्वासनांच्या बाबतीत धरणग्रस्तांचा अनुभव याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे धास्ती पुरती जाईल असं समजू नये.

कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली, तरी शहराची हद्द अजून जवळपास ६७ चौरस किलोमीटरच आहे. हद्दवाढीचा विषय निघाला की शहरातल्या कृती समित्या एका बाजूला आणि भोवतालची गावं दुसऱ्या बाजूला उभी राहतात. शहराला ती गावं म्हणजे वाढीची जागा दिसते. गावांना शहर म्हणजे घरफाळा आणि रानावर पडणारं आरक्षण. गंमत अशी की गावातली निम्मी पोरं नोकरीला शहरात येतात आणि शहरातली निम्मी घरं मूळची त्याच गावांतली. नागपूरहून गोव्याला जाणारा, सुमारे आठशे किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला तेव्हा शहर-गाव हा भेद काही काळ पुसला गेला. मोजणीला विरोध झाला, मोर्चे निघाले. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या भूसंपादनाची अधिसूचना मागं घेतली गेली, २०२५ मध्ये विषय पुन्हा उभा राहिला. विरोध करणाऱ्या शेतकऱ्याला रस्ता नको आहे असं नाही. त्याच्या गटातून गेलेली रेघ त्याला दाखवण्याआधी काढली गेली, हे त्याला नको आहे.

या पुस्तकातले लेख नकाशातल्या दिशेनं लावलेले नाहीत. नदीपासून सुरुवात केली आणि पाणी जिकडे गेलं तिकडे गेलो, म्हणून डोंगर उशिरा येतात आणि शहर मध्येच घुसतं. दोन गोष्टी राहिल्या आहेत आणि त्या मुद्दाम राहू दिल्या आहेत. एक, सूतगिरण्या आणि यंत्रमागांची इचलकरंजी. तिचा मुलूख चार भिंतींच्या आत आहे आणि त्याला वेगळं हत्यार लागतं. दुसरी, चंदगड-आजऱ्याचे हत्ती. विसेक वर्षांपूर्वी ते कर्नाटकातून खाली आले, नाचणी आणि उसाच्या रानात वावरायला लागले, आणि तिथल्या माणसांची पायवाटेकडे, अंधाराकडे, अगदी घरामागच्या फणसाकडे बघायची रीत बदलली. फणस पिकायला लागला की तो उतरवून घरात घ्यायचा की झाडावरच हत्तीसाठी सोडून द्यायचा, यावर त्या गावांत घराघरांत मतभेद आहेत. ते लिहायला तिथंच राहणारं कुणी तरी हवं.